डाव्या हाताच्या पाट्या

आठवीत असताना रोज दुसऱ्या तासाला माझ्यापुढे टेबलावर एक केळं ठेवलेलं असे, आणि ते मला कधीच मिळत नसे.

केळ्याला तमिळमध्ये जो शब्द आहे, त्यात एक अक्षर दोनदा येतं. ते अक्षर मराठीत नाही. जीभ मागे मुडपून ‘ळ’ आणि ‘य’ यांच्या मधे कुठेतरी त्याचा उच्चार करायचा असतो. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या जिभा तिथपर्यंत जाऊन परत येत. तमिळच्या बाई घरून एक छोटं केळं आणीत, टेबलावर ठेवीत आणि मला उभं करून विचारीत, “हे काय आहे? नीट सांग आणि खा.” मी सांगे. वर्ग हसे. मग शेजारच्या बाकावरची एखादी मुलगी तो शब्द खणखणीत म्हणे आणि माझ्यासमोर केळं सोलून खाई.

“तुझ्या तमिळला,” बाई एकदा म्हणाल्या, “आमटीचा वास येतो.”

वर्ग पुन्हा हसला. मला रडू यायला हवं होतं, पण मी बघतच राहिले. सगळं वाक्य तमिळ होतं आणि त्यातला ‘आमटी’ हा शब्द आमच्या स्वयंपाकघरातला होता. तो यांना कसा ठाऊक? घरी येऊन आईला विचारलं. आई चिंच कोळत होती. हात न थांबवता म्हणाली, “ती आपल्यांतलीच अहे गे. मागल्या गल्लींत राहते. तुला ठाऊक नव्हतं?”

मला नव्हतं, शाळेत कोणालाच नव्हतं. आमच्याकडे तमिळ शिकवणाऱ्या बाईंना मुली ‘तमिळम्मा’ म्हणतात. या बाईंना ते नाव असं चिकटलं होतं की त्यांचं खरं नाव फक्त प्रगतिपुस्तकावरच्या सहीत दिसे. तंजावरात मराठी घरं पुष्कळ. इतक्या पिढ्या इथे काढल्यावर आमची मराठी उंबऱ्याच्या आत उरलेली. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. पण निदान घरात आम्ही ती बोलायचो. तमिळम्मा घरातही बोलत नसत. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. धाकटे भाऊ त्यांच्याबरोबर राहत. ते ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत कारकून होते आणि मी त्यांना मामा म्हणे. सख्ख्या भावाशीही तमिळम्मांचं बोलणं तमिळच. आईने एकदा भाजीबाजारात त्यांना गाठून मराठीत विचारपूस केली. उत्तर तमिळमध्ये आलं, आणि तेही असं शुद्ध की आई घरी येऊन म्हणाली, “काय सांगटली तें निम्मं समजलं नाहीं. पण ऐकायला बरं वाटलं.”

त्यांच्या पर्समध्ये कायम दोन खडू असत, एक पांढरा आणि एक लाल. रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की त्या थांबत, चुकलेल्या अक्षरावर लाल फुली मारीत आणि शेजारी पांढऱ्याने बरोबर अक्षर लिहीत. “तप्पु,” एवढंच म्हणत. म्हणजे चूक. दुकानदार तावातावाने बाहेर येई, समोर आपल्या मुलीच्या नाहीतर बायकोच्या तमिळम्मा उभ्या आहेत हे बघे, आणि मुकाट्याने आत जाई.

एकदा जुन्या बस स्थानकावर ओरत्तनाडूच्या गाडीच्या फळीवर एक अक्षर चुकलेलं त्यांना दिसलं. त्या गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, “अम्मा, बाजूला व्हा. अक्षर चुकलं म्हणून गाडी काही चुकीच्या गावाला जाणार नाही.”

“जाईल ना. तू लिहिलेलं गाव या जिल्ह्यात नाही.”

फळी उतरवून अक्षर दुरुस्त होईपर्यंत गाडी हलली नाही. त्याच गाडीत तिसऱ्या बाकावर मामा कचेरीला निघाले होते. त्यांनी जे वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते ओरत्तनाडू येईपर्यंत खाली घेतलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना पुन्हा लाजत.

शाळेतला प्रत्येक फलक तमिळम्मांच्या हातचा होता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या दारांवरची नावंही त्यांनीच रंगवलेली, नुसत्या हौसेपोटी. एका रविवारी आईने डांगर पचडीची वाटी देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. मी परसातून गेले. त्या मागच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात लाकडी फळी, शेजारी निळ्या रंगाचा डबा. मी बघितलं आणि जागच्या जागी थांबले. ब्रश डाव्या हातात होता. शाळेत फळ्यावर लिहितात तो हात उजवा. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलींना त्या स्वतः ओरडत.

मला पाहताच त्यांनी ब्रश झटकन उजव्या हातात घेतला. निळा रंग पदराला लागला.

“काय पाहिलंस?”

“काही नाही, अम्मा.”

“शाळेत बोलायचं नाही.”

चाळिशीतली एक बाई, जिला अख्खी शाळा घाबरते, ती आठवीतल्या मुलीला घाबरलेली मी तेव्हा पाहिली. त्यांनी वाटी घेतली. जाताना मला एक केळं दिलं, आणि ते काय आहे हे विचारलं नाही.

मी ते कोणाला सांगितलं नाही. ती शाळेतली शेवटची दोन-तीन वर्षं माझ्या तमिळच्या मार्कांत थोडी सूट मिळत गेली, असा मला अजून संशय आहे.

पुढे बारा वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वर्गातच. मी तेव्हा तंजावरातच एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्या प्रसंगाची हकिगत मला नववीतल्या मुलींकडून कळली. फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून पडला. उचलायला हात न्यावा तर हात जाईना. मग त्या वर्गाकडे वळल्या आणि काहीतरी बोलल्या. मुलींना कळलं नाही. पुन्हा बोलल्या. मागच्या बाकांवर हसू फुटलं, कारण मुलींना वाटलं, तमिळम्मा कोणाची तरी नक्कल करून दाखवताहेत. मग त्या फळ्याला टेकून खाली बसल्या.

संध्याकाळी मामा आमच्या दारात आले. चेहरा उतरलेला, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

“डॉक्टर म्हणतात ती नुसती बडबडतेय, अर्थ काही नाही. पण मला वाटतं ती मराठी बोलतेय,” ते आईला तमिळमध्ये म्हणाले. “पण अक्का मराठी बोलत नाही हो!”

मामांना मराठी जेमतेम समजे, बोलता येत नसे. त्यांची आई गेली तेव्हा ते पाळण्यात होते आणि तमिळम्मा नऊ वर्षांच्या. आईबरोबर घरातली मराठीही गेली. माझी आई मला म्हणाली, “तूं जा गे. मला तें यंत्रांचं इस्पितळ पाहून भ्या वाटते.”

मी गेले. तमिळम्मा पलंगावर पडून होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर नुसता ठेवून दिलेला. त्या समोरच्या भिंतीकडे वर बघत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी वाकून ऐकलं.

“भिंतीवर पाल अहे. पडेल ती. मला भ्या वाटते.”

तरुण डॉक्टर फाइलमध्ये लिहीत होते. मी म्हटलं, “सर, ही बडबड नाही, मराठी आहे. भिंतीवर पाल आहे म्हणताहेत.”

डॉक्टरांनी वर बघितलं. त्यांच्या बरोबर डोक्यावर पाल होती. ते दोन पावलं बाजूला सरकले आणि मग त्यांनी फाइलमधली ओळ खोडली.

त्यांनी नंतर आम्हाला समजावून सांगितलं. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसांच्या बाबतीत असं कधीकधी होतं. एखादी भाषा बोलायची जाते, दुसरी राहते, आणि कुठली राहील ते आधी सांगता येत नाही. ऐकलेलं तमिळ त्यांना सगळं कळत होतं, पण तोंडातून त्यातला एक शब्द निघत नव्हता. लिहिताही येत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा. तीस वर्षं ज्यांनी जिल्ह्याला तमिळ शिकवलं त्यांच्याजवळ उरली होती नऊ वर्षांच्या मुलीची मराठी. ‘मला तहान लागली.’ ‘उगे बैस.’ ‘आई कोठें अहे?’

हे शेवटचं वाक्य पहिल्या आठवड्यात त्या पुष्कळ वेळा म्हणाल्या. ते मी मामांना कधी सांगितलं नाही.

माझा दातांचा दवाखाना दुपारी एक ते पाच बंद असे. तेवढा वेळ मी त्यांच्या घरी जाऊ लागले, कारण मामा कचेरीत असत आणि कामाच्या बाईला मराठी येत नसे. मी झाले दुभाषी. जुन्या विद्यार्थिनी भेटायला येत, तमिळमध्ये बोलत, तमिळम्मा मराठीत उत्तर देत आणि मी ते तमिळ करून सांगे. आमटीच्या वासासकट. एकदा मुख्याध्यापिका आल्या. बराच वेळ गोड गोड बोलल्या, शाळा तुमच्यावाचून सुनी वाटते वगैरे. तमिळम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “हिला सांग, हिचं बोलणं मला कधीं आवडलं नाहीं. ही खोटं बोलते.”

मी तमिळमध्ये म्हटलं, “तुम्ही आलात म्हणून अम्मांना फार आनंद झाला.”

चांगल्या हाताची एक चापट खाटेच्या दांड्यावर बसली. माझ्या लक्षात आलं नव्हतं की माझं भाषांतर त्यांना शब्दन्‌शब्द कळतंय. मुख्याध्यापिका दचकल्या. मी घाईने म्हटलं, “आनंदाने!” आणि तमिळम्मा माझ्याकडे बघून आजारपणानंतर पहिल्यांदा हसल्या. वाकडं हसू, पण हसू.

तमिळम्मांना नोकरी सोडावी लागली. कागदावर सही हवी होती. मी घरून माझं आठवीचं प्रगतिपुस्तक नेलं. त्यावर त्यांची सही होती. ती समोर ठेवून त्यांनी डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, स्वतःच्या सहीची नक्कल केली. हुबेहूब आली. मामा तो कागद घेऊन आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी मात्र त्या सहीचाच विचार करत राहिले. लिहिता न येणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं. मनातून अक्षर येत नव्हतं, पण समोर ठेवलेलं अक्षर त्या उतरवू शकत होत्या. त्यात डावा हात. मला तो रविवार आठवला. मामांना सांगून माळ्यावरचा ब्रशांचा पत्र्याचा डबा खाली काढवला. झाकण उघडल्यावर टर्पेंटाइनचा वास आला तशा तमिळम्मा उशीवरून उठून बसल्या.

“हा हात माझा अहे,” डावा हात वर करून त्या मला म्हणाल्या. “तो हात आईचा होता. आई हा हात पाठीशीं बांधून मला लिहायला बसवी.”

शाळेचं सगळं काम ज्या हाताने केलं तो गेला होता, आणि लपूनछपून हौस केली तो जसाच्या तसा होता. दाराची जुनी पाटी समोर ठेवून त्यांनी ती नव्याने रंगवायला घेतली. चार दुपारी लागल्या. पूर्वी त्या एका रविवारात तीन पाट्या संपवत. पण ही पाटी त्या तिन्हींपेक्षा देखणी झाली.

पहिलं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी असलेला कॉफीवाला. त्याचा छापील फलक उन्हाने पांढरा पडला होता. त्याला फक्त ‘कापी’ एवढंच हवं होतं, तमिळमध्ये दोन अक्षरं. थरावर थर देत आठ दिवस लागले. ती पाटी टांगल्यावर लोक कॉफी पिताना वर बघू लागले. मग शिंपी आला, मग लोणचीवाली, मग कोणी घराच्या नावासाठी, कोणी मुलाच्या सायकलवर नाव घालायला. वर्षभरात तमिळम्मांना वेळ पुरेना, म्हणजे त्यांच्या चालीने पुरेना. सकाळी एक अक्षर, जेवून झोप, दुपारी एक अक्षर. त्याहून जास्त नाही. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सावकाशी सांगितली होती, ती त्यांनी औषधापेक्षा नेमाने पाळली.

“बारापेक्षां जास्त अक्षरें नकोत,” हा दुसरा नियम. नावं लांब असलेले दुकानदार ओट्यावर बसून बोटांवर अक्षरं मोजत आणि आपल्या दुकानाचं नाव कापत. एका भांडीवाल्याला ‘आणि मुलगे’ हे शब्द काढावे लागले. मुलगे रुसले. बापाने सांगितलं, “तुम्हाला यायचं असेल तर अम्मांकडे जाऊन जागा मागा.” कोणी गेलं नाही.

रंगवताना त्या बोलत. “अक्षराला पोट असतें गे. पोटाला जागा द्यावी. नाहींतर त्याला श्वास येत नाहीं.” किंवा, “पूर्वीं मी चूक पाहत होतें. अत्ता अक्षर पाहतें.” हे त्या फार गंभीरपणे म्हणत नसत. नाकाच्या शेंड्याला रंग लागलेला असे आणि तो पुसू दिलेला त्यांना चालत नसे.

ऑर्डर घेणं माझ्याकडे होतं. मी मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची आणि तो समोर ठेवून त्या उतरवायच्या. त्यातूनच ते झालं, जे मला अजून नीट सांगता येत नाही.

तिरुवैयारूच्या एका बासरीच्या मास्तरांचा फोन आला. विजयादशमीला ते शिकवणी सुरू करणार होते. नाव एकच शब्द, बासरीचा. त्यांनी फोनवर सांगितलं, मी ऐकलं तसं कागदावर लिहिलं. तमिळम्मांनी पहिलं अक्षर काढलं. दुसऱ्याशी थांबल्या. तो दिवस गेला, दुसरा गेला. ब्रश हातात, नजर माझ्या कागदावर, आणि फळी कोरी. मामा घाबरले, पुन्हा झटका तर नाही?

“अम्मा, काय झालं?” मी विचारलं.

“हें बरं दिसत नाहीं.”

“काय बरं दिसत नाहीं?”

“कळत नाहीं. पण हें बरं नाहीं.”

तिसऱ्या दिवशीही तेच. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, मास्तर त्याच दुपारी चारला पाटी न्यायला येणार. माझ्या दवाखान्यात त्या आठवड्यात फार काम होतं, घरी माझ्या लग्नाच्या बोलण्यांवरून कटकट चालली होती. ही कारणं आहेत, सबब नाही. मी कागद त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं,

“अम्मा, तुम्हांला अत्ता तमिळ येत नाहीं. लिहिलं अहे तसं काढा.”

मामा रजा घेऊन घरीच होते. मराठी जेमतेम समजणाऱ्या त्या माणसालाही ते वाक्य समजलं, कारण ते दारात तसेच उभे राहिले. तमिळम्मांनी माझा कागद उचलून पालथा घातला. मग डोळे मिटले. बराच वेळ ब्रश फळीच्या वर नुसता धरलेला होता आणि हात किंचित हलत होता, अंधारात कोणी वाट चाचपावी तसा. मग त्यांनी डोळे उघडले आणि दुसरं अक्षर काढलं. मी लिहिलं होतं ते नव्हे. वेगळंच, खाली शेपटी वळलेलं.

“पाटी बिघडली,” मी मामांना तमिळमध्ये म्हटलं.

तोवर तमिळम्मांनी उरलेलं अक्षरही काढून पाटी पुरी केली. मास्तर आले. उंच, कानात कडी घातलेले. फळी हातात घेऊन त्यांनी ती उजेडाकडे धरली. “वा!” ते म्हणाले. “मी वाटेत काळजीच करत होतो. फोनवर सांगायचं राहिलं. या शब्दात लोक नेमकं हेच अक्षर चुकतात, साधा ‘ळ’ घालतात.”

ते केळ्यातलं अक्षर होतं. माझ्या कानाला ते कधी वेगळं ऐकूच आलं नव्हतं.

तमिळम्मांनी पालथा घातलेला माझा कागद डाव्या हाताने उचलला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, “तप्पु.”

मामांच्या हातात मास्तरांसाठी आणलेला कॉफीचा पेला होता. तो त्यांनी जमिनीवर ठेवला आणि तेही खाली बसले. “अक्का, काय म्हणालीस? पुन्हा म्हण.”

“तप्पु,” त्या म्हणाल्या. “तप्पु, तप्पु.” जवळजवळ दोन वर्षांनी तोंडातून निघालेला पहिला तमिळ शब्द. मामा हसत होते आणि डोळे पुसत होते. बिचाऱ्या मास्तरांना वाटलं आपलंच काही चुकलं. मी चपला घालून निघून आले.

आठ दिवस मी गेले नाही. नवव्या दिवशी मामा दवाखान्यात आले, दात दुखतो म्हणून. डॉक्टरांनी तोंडात बघून सांगितलं, दात ठणठणीत आहे. बाहेर येऊन ते माझ्या टेबलाशी घुटमळले. “ती रोज विचारते, ‘ती कोठें’ म्हणून. एवढी मराठी मला येते.”

दुपारी गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. “अम्मा, त्या दिवशीं मी...”

“उगे बैस,” त्या म्हणाल्या. पुढ्यात एक जुनी फळी सरकवली, ब्रश दिला. मी उजव्या हातात घेतला तर त्यांनी तो काढून माझ्या डाव्या हातात ठेवला आणि शेपटीवाल्या अक्षराकडे बोट दाखवलं.

मी तासभर तेच एक अक्षर डाव्या हाताने काढत होते. रेघ थरथरे, रंग ओघळे, शेपटी भलतीकडेच जाई. त्या शेजारी बसून बघत होत्या. एकदा माझं अक्षर आडवं पडलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “पहिलीं पन्नास अशींच येतात,” त्या म्हणाल्या. “मी पण रडलें होतें.”

त्या कधी रडल्या ते मी पाहिलं नव्हतं. मी दुपारी जायची; सकाळी त्या एकट्याच असत.

क्षमा मागायची राहूनच गेली. मी पाठ केलेलं वाक्य त्यांनी मला पुरं करू दिलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्यानंतर तमिळ थोडं थोडं परत आलं. सुटे शब्द, आणि बहुतेक रागाचे. ‘नको’, ‘जा’, ‘मूर्ख’. वाक्य कधी झालं नाही. उलट मराठी मात्र मोठी होत गेली. आई आता वरचेवर त्यांच्याकडे जाऊन बसे. दोघी शेंगा निवडत वाद घालत, या शब्दाला आपल्यांत काय म्हणतात, तुझी आई काय म्हणे, माझी सासू काय म्हणे. नऊ वर्षांची मुलगी बघता बघता दहाची, पंधराची, तिशीची झाली.

माझं लग्न झालं आणि मी पुण्याला आले. हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे देवनागरी वाचता येत होती. मराठी लिहायला इथे शिकले. इथल्या मराठीला मी अजून बिचकते. गेल्या वर्षी कावेरीच्या कालव्यांना पाणी सुटलं त्या सुमाराला माहेरी गेले, तेव्हा त्यांच्याकडे गेले. पाट्यांसाठी आता लोक पाच-पाच महिने थांबतात, असं आई म्हणाली होती.

ओट्यावर दोघं बसलेली होती. तमिळम्मा आणि एक साठीचे, रुंद खांद्यांचे गृहस्थ, त्यांचाही उजवा हात मांडीवर निजलेला. ओरत्तनाडूकडच्या एका खेड्यातले. धान्याच्या मंडीत लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज दोन शेतं ओलांडून जाई म्हणतात. झटक्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, ‘शरी’. म्हणजे बरं, ठीक. त्यांची बायको मामांना बसमध्ये भेटली, रडत होती. मामांनी तिला नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस ती त्यांना सकाळच्या बसने आणते. फळी घासणं आणि खालचा रंग देणं हे त्यांचं काम. डाव्या हाताने. सुरुवातीला ते डबे फेकत, म्हणे. तमिळम्मा उचलून परत त्यांच्यापुढे ठेवत.

मी गेले तेव्हा त्या त्यांना काहीतरी सांगत होत्या. मराठीत, मोठ्या रंगात येऊन, ब्रश हलवत. बऱ्याच वेळाने कळलं की गोष्ट त्या बसच्या फळीची होती. गृहस्थ मान हलवत होते. “शरी,” मधेच म्हणत. हशाच्या जागी हसत. गोष्ट संपली तेव्हा त्यांनी एक मोठा उसासा टाकला, “शरी, शरी,” म्हणाले आणि पुन्हा फळी घासायला लागले.

मी खालच्या आवाजात विचारलं, “अम्मा, त्यांना मराठी कळते?”

“नाहीं.”

“मग दिवसभर त्यांना काय सांगतां?”

“सगळं.”

“आणि ते?”

त्यांनी ब्रश डब्याच्या कडेला निथळला, गृहस्थांकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

“तीस वर्षें मुलींना शिकवलं गे,” त्या म्हणाल्या. “इतकं नीट कोणी ऐकलं नव्हतं.”

आणि त्या पुढची गोष्ट सांगू लागल्या.